चेहरा पाहून टाकलेलं वय

माझ्या मायचं वय तिच्या चेहऱ्याकडं पाहून ठरवलं गेलं. मी तेव्हा तिसरीत होते. अंबडहून शहागडला जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत आमचं गाव आहे. तिथल्या शाळेच्या व्हरांड्यात एक पोरगा लॅपटॉप घेऊन आधार कार्ड काढायला बसला होता. आमच्या वस्तीतल्या सगळ्या बाया काम बुडवून रांगेत उभ्या होत्या आणि मी मायचा पदर धरून.

"जन्मतारीख?" त्यानं विचारलं.

माय हसली. मागच्या बायाही हसल्या.

"बरं, साल तरी सांगा."

"दुष्काळाच्या नंतरचा जन्म हाय माझा."

"कोणत्या दुष्काळाच्या?"

यावर रांगेत आणखी हशा पिकला. त्याचा प्रश्न बरोबरच होता, आमच्याकडं दुष्काळ काही एकच नव्हता. पोरगा वैतागला. ऊन वाढत होतं आणि रांग हलत नव्हती. त्यानं मान वर करून मायच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "पन्नास टाकू का?"

माय काही बोलायच्या आत रांगेत मागं उभी असलेली, आमच्या समोरच्या घरातली काकू म्हणाली, "टाका टाका, पन्नासच टाका. पेन्शन जल्दी भेटंल."

पोरग्यानं टाकलं. काकूची पाळी आली तेव्हा तिनं स्वतःच सांगितलं, "मला पण तेवढंच. आम्ही जोडीच्या हाव." त्या दिवशी वस्तीतल्या बऱ्याच बाया दहा-पंधरा वर्षांनी मोठ्या होऊन घरी आल्या. कोणाला त्यात काही चूक वाटली नाही. पासष्टीला सरकार पेन्शन देतं, तिथवर लवकर पोचलेलं बरं, एवढाच विचार. आणि खरं सांगायचं तर माय दिसतही तेवढीच होती. त्याआधी कितीतरी वर्षं ती नि बाबा दर दिवाळीनंतर ऊस तोडायला जायचे. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, ते पाऊस जवळ येईपर्यंत. नंतर बाबांना अंबडच्या मोंढ्यात हमाली मिळाली आणि ते जाणं थांबलं. पण चेहऱ्यावर चढलेली वर्षं काही उतरली नाहीत.

मला नेहमी वाटतं, ते वय नुसतं कार्डावर राहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण ते हळूहळू मायच्या अंगात उतरलं. भावाचं लग्न झालं, तो बायकोला घेऊन पुण्याला कंपनीत गेला, तेव्हा मायनं तिच्या दोन चांगल्या साड्या सुनेला देऊन टाकल्या. "मला आता काय करायच्यात?" चप्पल तुटली तर नवी घ्यायची नाही. दात दुखला तर तंबाखूची मशेरी लावायची. "आता किती दिवसांसाठी?" असं ती म्हणायची, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटायचं नाही. कारण विहाराच्या ओट्यावर संध्याकाळी बसणाऱ्या सगळ्याच बाया असंच बोलायच्या. आमच्यात नातू झाला की बाईनं आपला बाजार उठला असं समजायचं, ही रीतच होती. नातू झाला तेव्हा ती चाळिशीची आहे का साठीची, हे कोणी विचारत नव्हतं.

बारावीनंतर मी नवीन जालन्यात कॉलेजला आले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. मुलींच्या वसतिगृहात राहायचे, शनिवारी एसटीनं गावी जायचे. वर्गात मी मागच्या बाकावर बसायचे आणि उत्तर येत असलं तरी हात वर करायचे नाही. उत्तर चुकलं तर काय, ही भीती नव्हती. बोलले की माझी भाषा ऐकू येईल, ही होती.

दुसऱ्या वर्षी भूगोलाचे सर लोकसंख्या शिकवत होते. त्यांनी फळ्यावर एक रेष काढली. डावीकडं खाली सुरू होऊन उजवीकडं वर चढत गेलेली. माणूस जन्मला की सरासरी किती वर्षं जगेल, त्याची ती रेष. सर म्हणाले, "तुमच्या पणजोबांच्या काळात ही इथं खाली होती. आज बघा कुठं आहे. साथीचे रोग आटोक्यात आले, लसी आल्या, बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली. प्रत्येक पिढीला आधीच्या पिढीपेक्षा जास्त वर्षं मिळाली." मला ती रेष फार आवडली होती, हे मी लपवणार नाही. माझ्या आजीची चार लेकरं जगली नव्हती, आणि आमच्या गल्लीत आता लहान लेकरू दगावल्याचं क्वचितच ऐकू येतं. म्हणजे रेष खोटी नव्हती.

सरांनी सांगितलं, "पुढच्या तासाला प्रत्येकानं आपल्या घरातलं सांगायचं. कोण किती जगलं, कशानं गेलं."

त्यासाठी मी पहिल्यांदा मायचं खरं वय काढलं. फार अवघड नव्हतं. मामा शाळेत गेलेला, त्यामुळं त्याचं जन्मसाल सगळ्यांना माहीत. आणि मायनं त्याला कडेवर घेऊन फिरवलं असलं तरी ती त्याच्याहून दोनच वर्षांनी मोठी, हे मामा आणि माय दोघंही शपथेवर सांगायचे. हिशेब केला तर सत्तेचाळीस आले. कार्डावर तेव्हा बासष्ट चालू होतं. मी पुन्हा केला, तरी सत्तेचाळीसच.

पुढच्या तासाला पोरं एकेक करून सांगू लागली. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण, तिच्या वडिलांचं बियाणांचं दुकान आहे, म्हणाली की तिचे आजोबा अठ्ठ्याऐंशीला गेले आणि आजी एक्क्याऐंशीची आहे, नुकतेच तिचे दोन्ही गुडघे बदलले. माझी पाळी आली. मी उभी राहिले.

"आजी पन्नासच्या आत गेली. आजोबा पण. मोठी मावशी चाळीस-बेचाळीसला."

"कशानं?" सरांनी विचारलं.

घरी मी हाच प्रश्न विचारला होता आणि मला जे उत्तर मिळालं होतं तेच मी सांगितलं. "वय झालं होतं, सर."

वर्ग हसला. वाईट बुद्धीनं नाही, हे मी आजही म्हणते. चाळिसाव्या वर्षी वय झालं, हे ऐकून कोणालाही हसू येईल. मलाही कदाचित आलं असतं, माझ्या जागी दुसरं कोणी उभं असतं तर. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "खाली बसू नकोस. नीट सांग, नक्की काय झालं होतं?" पण मला माहीतच नव्हतं. तिघं गेली आणि तिघांनाही काय झालं होतं हे आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. वय झालं म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही, म्हणून ठाऊक नव्हतं. हे मला तिथं उभं असताना कळलं आणि माझे कान तापले. लाज नव्हती ती. राग होता, फक्त कोणावर काढायचा ते समजत नव्हतं.

त्याच आठवड्यात मैत्रिणीनं मला घरी नेलं. तिला वर्गातल्या हसण्याचं वाईट वाटलं होतं बहुतेक. तिची आजी नव्या गुडघ्यांनी घरभर फिरत होती आणि सुनेशी भांडत होती.

"हा चहा आहे का? साखर कुठंय यात?"

"आई, डॉक्टरांनी नको सांगितलंय."

"डॉक्टरला काय, तो मला शंभर वर्षं जगवायला निघालाय. बिनसाखरेची शंभर वर्षं घेऊन मी काय करू?"

सगळे हसले, मीही. मग आजीनं मला जवळ बसवून गावची चौकशी केली. आई काय करते, किती वर्षांची आहे. मी सत्तेचाळीस सांगितलं. आजी म्हणाली, "अगं, मग लहानच आहे की ती!"

माझ्या मायला कोणी लहान म्हटलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्या शनिवारी गावी जायला एसटीत बसले तरी ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं. पंचाहत्तरी झाली की एसटीत तिकीट लागत नाही. गाडीत पुढच्या सीटवर दोन म्हातारे तसे फुकट चालले होते, नातवाच्या लग्नाच्या गोष्टी करत. मी आमच्या वस्तीतलं एकेक घर आठवत गेले. त्या सवलतीपर्यंत पोचलेलं आमच्यातलं कोणीच मला आठवेना. सरकारनं सोय केली होती, फक्त ती आमच्या माणसांच्या मरणाच्या पलीकडं ठेवली होती. मी मुद्दाम एवढं कडवट लिहिते आहे. तेव्हा मला तसंच वाटलं आणि अजूनही वाटतं.

घरी आले तर माय खाटेवर पडलेली. भर दुपारी पडलेली माय मी कधी पाहिली नव्हती. पावलं सुजलेली, ओठ पांढरट. पाण्याचा हंडा दारातून आत आणला तरी तिला धाप लागत होती. बाबांनी तिला अंबडला एका डॉक्टरकडं नेलं होतं. त्यांनी कार्ड पाहिलं, छातीला नळी लावली, आणि वयोमानानं दम लागतो असं सांगून ताकदीच्या गोळ्या आणि एक सलाईन दिलं.

"सलाईननं दोन दिवस बरं वाटलं," बाबा म्हणाले. "पुन्हा लावू एखादं. वयाचं हाय पोरी, त्याला काय औषध असतंय?"

"बाबा, तुम्ही किती वर्षांचे?"

"मी? पंचावन्न असंल. माझ्या कार्डावर खरं टाकलंय, मी दोन यत्ता शाळेत गेल्तो."

"मंग माय तुमच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी हाय का?"

बाबा हसायला लागले. इतकी वर्षं घरात दोन्ही कार्डं एकाच पिशवीत होती आणि ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मायच्या मागं गेले. ती धुणं घेऊन हापशाकडं न जाता पार ओढ्याच्या बाजूला निघाली होती आणि वाटेत दोनदा बसली होती. तिथं ती एकटीच कपडे धूत होती. पाणी लाल होत होतं.

"माय, हे काय?"

"ओरडू नको. कोणी ऐकंल."

"कधीपासून?"

"लई दिवस झाले. येतंय, जातंय. मागल्या दिवाळीपासून थांबतच न्हाई."

"डॉक्टरला काऊन न्हाई सांगितलं?"

"त्यानं इचारलंच न्हाई."

आणि मग ती जे म्हणाली ते मी कधी विसरणार नाही. "बासष्टच्या बाईला कोणी पाळीचं इचारत न्हाई. बरं असतंय ते."

मी तिच्याजवळ दगडावर बसले. ती थांबत थांबत बोलत राहिली. मोठी मावशी ऊसतोडीला होती तेव्हा तिला असाच त्रास सुरू झाला होता. तिथल्या डॉक्टरनं गर्भाची पिशवी काढून टाकायला सांगितलं. मुकादम म्हणाला, काढून टाक, दरमहा खाडे होणार नाहीत. मावशी तेव्हा तिशीचीही नव्हती. काढली, आणि पंधरा दिवसांत पुन्हा मोळी उचलली. "तिथून जी सुकली ती सुकलीच," माय म्हणाली. "हाडं दुखायची, रात्र-रात्र घाम यायचा, चालायची तर वाकून. टोळीतल्या कितीक बायांचं तसंच झालं. जी सांगायची तिची काढायचे. मंग मी ठरवलं, आपण सांगायचंच न्हाई."

म्हणजे त्या पोरग्यानं टाकलेल्या वयाचा मायला उपयोग झाला होता. ती त्या वयाच्या आड लपून बसली होती. मोठ्या मावशीला काय झालं होतं, याचं उत्तर मला वर्गात देता आलं नव्हतं. ते मला ओढ्यावर मिळालं.

"मी तुझी पिशवी काढू देणार न्हाई," मी म्हणाले. "पण तू सांगायचं. तू न्हाई सांगितलं तर मी सांगंल."

"तू कोण गं मोठी? डॉक्टर झाली का?"

"न्हाई. पण तू सत्तेचाळीसची हाय. लहान हाय तू."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसा काही मला ताप आलाय. मग ओला कपडा माझ्या पाठीत हाणला. "लहान म्हणं!" पण हाणण्यात जोर नव्हता, आणि तेवढ्यानंही तिला धाप लागली.

संध्याकाळी घरात वाद झाला. मी जालन्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं म्हणत होते. बाबांचं म्हणणं, मोंढ्यात सोयाबीनची आवक जोरात, आठ दिवस थांब. समोरची काकू येऊन दारात बसली होती, तिला सगळं कळलेलं.

"ने बापा ने. पण तिथं वय कमी सांगू नको," काकू म्हणाली. "कार्ड बदललं तर पेन्शन गेली म्हणून समज. तीन वर्षं राह्यलीत फक्त."

"काकू, तीन वर्षं ती राहिली तर पाहिजे ना."

"असं वंगाळ बोलू नये संध्याकाळी."

"मी वंगाळ बोलत न्हाई. तुम्ही सगळे तिला म्हातारी म्हणून वाट लावायला निघालात, मी एकटी नको म्हणून राह्यले."

घरात मी एवढ्या आवाजात कधी बोलले नव्हते. बाबा उठून बाहेर गेले. थोड्या वेळानं परत आले आणि म्हणाले, "सकाळच्या गाडीनं जाऊ. सोयाबीन कुठं पळून जात न्हाई."

दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीपाशी गर्दी होती. आतल्या माणसानं कार्ड पाहून बासष्ट लिहिलं. मी म्हणाले, "सर, खरं वय सत्तेचाळीस आहे." तो म्हणाला, "कार्डावर आहे ते लिहितो आम्ही." मागून ढकलाढकली चालू होती. मी बाजूला व्हायला हवं होतं, पण मी खिडकीचा गज धरून उभी राहिले आणि तेच पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा त्यानं चिडून बासष्टच्या पुढं कंस करून सत्तेचाळीस लिहिलं. "आता डॉक्टरलाच सांगा कोणतं खरं ते."

बाकावर जागा नव्हती, माय भिंतीला टेकून फरशीवर बसली. शेजारी एक म्हातारी होती, खरीखुरी साठीच्या पुढची. पावलं मायसारखीच सुजलेली. तिच्या सोबत कोणी नव्हतं. ती मला म्हणाली, "मला मागच्या टायमाला सांगितलं, वयानं होतंय. मी म्हटलं, वय तर हायेच, पण दुखतंय त्याचं काय?"

मी त्या म्हातारीकडं पाहत राहिले. सकाळपासून मी एकच गोष्ट डोक्यात घोकत आले होते: माय सत्तेचाळीसची आहे, म्हणून तिला नीट तपासा. पण समजा कार्डच खरं असतं. समजा माय बासष्टची असती. मग मी काय केलं असतं? सलाईन लावून घरी नेलं असतं? मैत्रिणीच्या आजीचे गुडघे एक्क्याऐंशीव्या वर्षी बदलले, तेव्हा तिला कोणी विचारलं नव्हतं की आता किती दिवसांसाठी. मी एक चुकीचा आकडा खोडायला आले होते. तो खोडला गेला असता तरी या म्हातारीला काहीच मिळणार नव्हतं. मला तेव्हा वाटलं, मी आतापर्यंत चुकीच्या गोष्टीसाठी भांडत होते, आणि बरोबर गोष्ट त्याहून पुष्कळ मोठी आहे. ती मला अजूनही नीट मांडता येते का, सांगता येत नाही. पण वय कितीही असो, दुखतंय त्याचं काय, हा प्रश्न आधी विचारायला पाहिजे, एवढं माझं त्या फरशीवर पक्कं झालं.

डॉक्टर बाई तरुण होत्या, माझ्याहून फार मोठ्या नसतील. केसपेपर समोर होता, त्यावरचा कंस त्यांनी पाहिला नसावा. त्या मायकडं बघून म्हणाल्या, "बोला आजी. काय होतंय?"

मायनं माझ्याकडं पाहिलं.

"पाळी कधी बंद झाली आजी?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मायनं माझ्या मनगटावर हात ठेवला. तिचा हात थंड होता.

"बंद न्हाई झाली," माय म्हणाली. "आणि मी आजी न्हाई. म्हंजे नातू हाय मला, पण मी आजी न्हाई. सत्तेचाळीसची हाय मी. सारखं अंगावर जातंय, वर्ष होत आलं. आणि आधीच सांगते, पिशवी काढू देणार न्हाई. काढायचीच असंल तर मी चालले."

एवढं एका दमात बोलून ती धापा टाकायला लागली. डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. "काढायची कोण म्हणतंय, ताई? आधी रक्त तर तपासू."

"तुम्ही न्हाई म्हणता, मंग दुसरा येतो नि काढा म्हणतो."

"मग मी लिहून ठेवते इथं, मला विचारल्याशिवाय काही करायचं नाही म्हणून."

"लिवा," माय म्हणाली. "पोरगी वाचंल माझी."

त्यांनी लिहिलं, मी वाचलं. माय मला विचारत होती, "बराबर लिवलंय ना?" आणि डॉक्टर बाई हसू दाबत होत्या.

रक्त पाचच्या खाली होतं. बाई म्हणाल्या, अजून महिनाभर थांबला असता तर सांगता आलं नसतं. बाबा तेव्हा दारात उभे होते, त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि ती चुरगाळत राहिले. सोनोग्राफीत एक गाठ दिसली, फार मोठी नाही, साधीच आहे असं तपासणीत निघालं. मायला ठेवून घेतलं, रक्ताच्या पिशव्या लावल्या. अंगावरून जाणं थांबायला गोळ्या दिल्या, लोहाच्या गोळ्या दिल्या. काढायची वेळ आलीच तर ती मायशी बोलूनच ठरेल, असं बाईंनी पुन्हा सांगितलं. ती वेळ अजून तरी आलेली नाही.

निघताना मी डॉक्टर बाईंना त्या म्हातारीबद्दल विचारलं. मी अडखळत विचारलं, माझं काही काम नव्हतं त्यात. बाई म्हणाल्या, तिलाही तपासलं, किडनीचं निघालं, पाठवलंय पुढं. वय नव्हतं तर ते. किडनी होती.

कॉलेजात परत गेल्यावर भूगोलाच्या तासाला मी सरांना म्हणाले, मला तेव्हाचं उत्तर पुरं करायचंय. मी उभी राहून आमच्या भाषेतच सांगितलं. मावशी वयानं नाही गेली. तिचं जे काढायला नको होतं ते काढलं, आणि जी विश्रांती द्यायला पाहिजे होती ती दिली नाही. आजी कशानं गेली ते मला माहीत नाही, कारण तिला कोणी विचारलं नाही. मग मी म्हणाले, सर, तुम्ही त्या दिवशी फळ्यावर काढलेली रेष खरी आहे, पण ती सगळ्यांची मिळून एक काढलीय. वरच्यांची आणि आमची वेगळी काढून दाखवा. सरांनी खडू माझ्याकडं दिला. मला रेषा नीट काढता आल्या नाहीत, माझ्याकडं आकडेही नव्हते. मी एक वर काढली आणि एक तिच्या बरीच खाली, आणि दोन्हींच्या मधली जागा खडूनं भरून टाकली. या वेळी कोणी हसलं नाही.

माय आता बरी आहे. रंग आलाय चेहऱ्यावर. दोन महिन्यांत इतकी बदलली की बाजारात तिला एकीनं माझी बहीण समजलं, असं ती सांगते. मला ते खरं वाटत नाही, पण मी तिला तसं सांगत नाही. कार्ड दुरुस्त करायचं ठरवलं तेव्हा काकूनं शेवटचा प्रयत्न केला.

"पेन्शन घालवू नको गं बाई."

"पेन्शन खायला जितं राहावं लागतंय," माय म्हणाली. "तू बी चल माझ्याबरोबर दवाखान्यात. तुझं ते छातीत दुखतंय ते दाखव."

"मला काय धाड भरलीय? वयाचं हाय ते."

"वयाचं काय न्हाई. तू माझ्या जोडीची हाय, तूच सांगितलंतं तिथं रांगेत. मी सत्तेचाळीस तर तू बी सत्तेचाळीस."

काकू पुटपुटली, पण गेल्या आठवड्यात दोघी मिळून जालन्याला जाऊन आल्या. मला परीक्षेमुळं जाता आलं नाही, त्यांना माझी गरजही पडली नाही.

परवा शनिवारी मी घरी होते. दुपारी सगळ्या बाया ओट्यावर बसल्या होत्या. मायनं मला विचारलं, "तुझ्या त्या मैतरिणीची आजी किती वर्षांची?"

"एक्क्याऐंशी."

"मंग मला बी तेवढे पाहिजेत," माय म्हणाली. बाजारात भाजीवाल्यानं कमी तोललेलं भरून मागावं, तशी म्हणाली.

काकू हसली. "आणि इतके वर्षं जगून करशील काय?"

मी मायकडं पाहिलं. मला वाटलं ती म्हणेल, नातवाचं लग्न बघीन, पोरीला नोकरीला लागलेलं बघीन. आमच्याकडं बाई जास्त जगायचं म्हटली की कोणासाठी तरी जगायचं म्हणते.

"काय करायचं म्हंजे?" माय म्हणाली. "बसंल. काही न्हाई करणार. आत्ता बसलेय तशी बसून राहंल. त्याला काय कारण लागतंय?"